स्टोरारोची कात्री

२००३ सालची गोष्ट. कोथरूडला आम्ही तिघं मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. एक गादी, दोन खुर्च्या आणि एकवीस इंची टीव्ही एवढाच संसार. तिघांपैकी एकजण सहा महिने ऑनसाइट राहून परत आला तेव्हा चॉकलेटं कमी आणि डीव्हीड्या जास्त घेऊन आला. त्यात 'अपोकॅलिप्स नाऊ' होता. त्या रात्री दिवे बंद करून पाहिला आणि तिघंही संपल्यावर बराच वेळ काही बोललो नाही. पुढच्या काही वर्षांत तीच डीव्हीडी मी सहा-सात वेळा तरी पाहिली असेल. थोडक्यात, हा सिनेमा मला पाठ आहे असा माझा समज होता.

पुढे लग्न झालं, मोठा टीव्ही आला, आणि २०१० साली निघालेली ब्लू-रे मी हौसेने मागवली. लावली तर बायको म्हणाली, "अरे, एवढा मोठा टीव्ही घेतलास आणि वर-खाली काळ्या पट्ट्याच जास्त दिसतायत." मी ज्ञान पाजळायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण पट्ट्या खरंच जाड झाल्या होत्या, पण चित्र रुंद झालं होतं. कडेला झाडं होती, धूर होता, माणसं होती, जी मी कधी पाहिलीच नव्हती. पाठ असलेल्या सिनेमात मला नवीन गोष्टी दिसत होत्या. म्हणजे जुन्या डीव्हीडीत कोणीतरी कडा कापल्या होत्या.

मला वाटलं, असेल कोणीतरी मार्केटिंगवाला. "लोकांना काळ्या पट्ट्या आवडत नाहीत" असं एखाद्या मीटिंगमध्ये ठरलं असेल. शोधलं, तर कात्री चालवणाऱ्याचं नाव निघालं विट्टोरियो स्टोरारो. म्हणजे ज्याने तो सिनेमा शूट केला, त्यासाठी ऑस्कर घेतलं, तोच माणूस!

हा लेख त्या माणसाविरुद्ध आहे. पण तो माझा फार आवडता माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नावडत्या माणसाने असलं काही केलं असतं तर मी शनिवारची सकाळ त्यावर घालवली नसती.

तर आधी माणूस समजून घेऊ. स्टोरारो १९४० साली रोममध्ये जन्मला. वडील लक्स फिल्म या कंपनीत प्रोजेक्शनिस्ट. म्हणजे काचेच्या खिडकीतून आवाजाशिवाय सिनेमा बघत हा पोरगा मोठा झाला. अकराव्या वर्षी फोटोग्राफी शिकायला लागला, अठराव्या वर्षी रोमच्या 'सेंत्रो स्पेरिमेंताले' या सरकारी फिल्म स्कूलमध्ये गेला. विशीच्या आतबाहेर कॅमेरा चालवायला लागला. 'जोव्हिनेझा, जोव्हिनेझा' (१९६९) हा छायालेखक म्हणून त्याचा पहिला चित्रपट, कृष्णधवल.

आणि मग १९७० साली बर्टोलुचीचा 'द कन्फर्मिस्ट'. हा तुम्ही पाहिला नसेल तर लेख इथेच सोडून आधी तो बघा, मी रागावणार नाही. फॅसिस्ट राजवटीत 'सगळ्यांसारखं' व्हायला धडपडणाऱ्या एका माणसाची गोष्ट. रोममधल्या प्रसंगांत प्रकाश पिंजऱ्यासारखा येतो, खिडकीच्या पट्ट्यांमधून कापलेला. आणि नायक पॅरिसला आपल्या जुन्या प्राध्यापकाला भेटायला जातो तेव्हा थंडगार निळा रंग सगळीकडे पसरतो. तिथे तो प्राध्यापकाला प्लेटोच्या गुहेची गोष्ट सांगतो, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं समजणाऱ्या कैद्यांची. बोलताना त्याची स्वतःची सावली भिंतीवर पडलेली असते. प्राध्यापक खिडकी उघडतो आणि ती सावली पुसली जाते. एक शब्द न बोलता नायकाची लायकी कळते. हे काम कॅमेरामनचं.

पुढची यादी भराभर सांगतो. 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२) मधला हिवाळी पॅरिसचा नारिंगी उजेड, '१९००' (१९७६) मधले ऋतू. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९), 'रेड्स' (१९८१) आणि 'द लास्ट एम्परर' (१९८७) या तीन सिनेमांना तीन ऑस्कर. दिग्दर्शक तिन्ही वेळा वेगळे : कपोला, वॉरन बेटी, बर्टोलुची. म्हणजे 'चांगल्या दिग्दर्शकाच्या जिवावर मोठा झाला' हा आरोप निकाली.

'अपोकॅलिप्स नाऊ'ला तर तो आधी तयारच नव्हता. कपोलाचा नेहमीचा कॅमेरामन म्हणजे 'गॉडफादर'वाला गॉर्डन विलिस. त्याच्या जागेत आपण कसं घुसायचं, असं याला वाटत होतं. (आपल्या क्षेत्रात दुसऱ्याचं मॉड्यूल हातात घेताना एवढा संकोच कोणी केलेला मी तरी पाहिला नाही.) शेवटी गेला. १९७६ ते ७७ असं फिलिपिन्समध्ये चाललेलं ते शूटिंग म्हणजे एक स्वतंत्र महाभारत आहे. वादळाने सेट उडवले, मुख्य नटाला हार्ट अटॅक आला. सगळं बाजूला ठेवून फक्त रंगांकडे बघा. जंगलाचा हिरवा एकीकडे, आणि सैन्याने आणलेले जांभळे, पिवळे, केशरी धूर दुसरीकडे. निसर्गाच्या रंगावर माणसाने आणलेला खोटा रंग चालून जातो, हीच त्या युद्धाची गोष्ट आहे आणि ती धुराच्या रंगांत सांगितली आहे. मार्लन ब्रँडो ठरल्यापेक्षा बराच वजनदार होऊन सेटवर आला, तेव्हा त्याला अंधारातच ठेवायचं ठरलं. स्टोरारोने त्या अडचणीतून कर्ट्झ उभा केला : काळोखातून अर्धवट बाहेर येणारं एक टक्कल, एक कान, पाण्याने भिजलेला हात. वर्कअराउंड असावं तर असं.

'रेड्स'च्या वेळी रोमच्या टेक्निकलर प्रयोगशाळेत 'ईएनआर' ही प्रक्रिया वापरात आली. प्रिंट धुताना एक जादा पायरी घालून त्यातली थोडी चांदी मागे ठेवायची, म्हणजे काळा रंग खरा काळा होतो आणि बाकीचे रंग जरा दबतात. 'लास्ट एम्परर'मध्ये त्याने अख्खं आयुष्य रंगपटासारखं मांडलं. कैदेत मनगट कापून घेणाऱ्या पु यीचा लाल, लहानपणीच्या घराचा नारिंगी, सम्राटपदाचा पिवळा, आणि इंग्रज मास्तर सायकल घेऊन येतो तेव्हा ज्ञानाचा हिरवा. पटो न पटो, एवढा विचार करणारा माणूस आहे हा.

आता मुद्द्याजवळ येऊ.

स्टोरारोची आयुष्यभराची एक लढाई आहे : कॅमेरामन हा तंत्रज्ञ नाही, लेखक आहे. 'डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी' हे बिरुद त्याला मान्य नाही. त्याचं म्हणणं, सेटवर डायरेक्टर एकच असतो, मी सिनेमॅटोग्राफर आहे, प्रकाशाने लिहिणारा. त्याच्या तीन खंडी ग्रंथाचं नावच 'प्रकाशाने लिहिताना' अशा अर्थाचं आहे. चित्रपटावर छायालेखकाचाही सहलेखक म्हणून हक्क हवा, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला आहे.

गंमत म्हणजे मराठीला हे कधीचंच मान्य आहे. आपण छायालेखक म्हणतो. शब्दातच लेखक आहे.

माझं यावर त्याच्याशी शंभर टक्के एकमत आहे. आपल्याकडे परीक्षणं वाचा. कथा दोन परिच्छेद, अभिनय दोन परिच्छेद, संगीत अर्धा, आणि शेवटी एक ओळ : 'छायाचित्रण नेत्रसुखद'. नेत्रसुखद म्हणजे काय? कॅलेंडर आहे का ते? 'कन्फर्मिस्ट'चा प्रकाश नेत्रसुखद नाहीये, तो युक्तिवाद आहे. तेव्हा कॅमेरामन लेखक आहे हे वाक्य मी मान्य करतो. या लेखातलं माझं सगळं भांडण याच वाक्याच्या आधाराने आहे.

आता जरा गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

पडद्याच्या रुंदीला उंचीने भागलं की येतो आकडा. जुना टीव्ही ४:३, म्हणजे १.३३. 'अपोकॅलिप्स नाऊ' किंवा 'लास्ट एम्परर'सारखे रुंद सिनेमे २.३५. एवढा रुंद सिनेमा जुन्या टीव्हीवर पूर्ण उंचीत भरायचा तर १.३३ भागिले २.३५, म्हणजे जेमतेम ५७ टक्के चित्र उरतं. बाकीचं ४३ टक्के केरात. त्या काळी हे सर्रास चालायचं. 'पॅन अँड स्कॅन' म्हणायचे त्याला. टेलिसिनेच्या मशीनवर बसलेला कोणीतरी ठरवायचा की आता डावीकडचा माणूस दाखवू की उजवीकडचा. स्टोरारोसारख्या माणसाने हे वीस वर्षं पाहिलं. आपण महिनोन्‌महिने खपून रचलेली चौकट कुणीतरी दुपारच्या शिफ्टमध्ये अर्धी कापतोय. त्याचा संताप मला समजतो.

मग हाय-डेफिनिशन टीव्ही आला. १६:९, म्हणजे १.७८. हा आकडा कुठून आला माहितेय? १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनियरने सगळ्या प्रचलित आकारांचे समान क्षेत्रफळाचे आयत कापले आणि एकमेकांवर मध्य जुळवून ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १.७८ च्या आसपास आलं. १.३३ आणि २.३५ यांचा गुणोत्तर मध्य काढा, १.७७ येईल. तडजोड होती, पण हिशेबाने केलेली.

स्टोरारोला ती पसंत नव्हती. १९९८ च्या सुमारास त्याने मुलाच्या साथीने स्वतःचा प्रस्ताव मांडला : 'युनिव्हिजियम'. यापुढे सिनेमा आणि टीव्ही दोघांनीही एकच आकार वापरावा, २:१. का? तर एका टोकाला ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्याचं २.२० आणि दुसऱ्या टोकाला नव्या टीव्हीचं १.७८. सरासरी १.९९. झालं दोन! फिल्मच्या प्रत्येक चौकटीला चारऐवजी तीन छिद्रं वापरायची, म्हणजे पाव फिल्म वाचते. सगळीकडे एकच आकार, मग कापाकापीचा प्रश्नच मिटला. वर आधाराला लिओनार्डोचं 'लास्ट सपर' : तेही म्हणे दोनास एक. (ते भित्तिचित्र साधारण ८८० सेंटिमीटर रुंद आणि ४६० सेंटिमीटर उंच आहे. भागून बघा. १.९१. लिओनार्डोला मध्ये आणायची गरज नव्हती, महाराज.)

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर इथे ओठांवर हसू आलं असेल. पाच स्टँडर्ड्स आहेत, गोंधळ होतोय, म्हणून मी सगळ्यांना सामावणारं एक काढतो. आता सहा स्टँडर्ड्स आहेत. पण प्रामाणिकपणे सांगतो, प्रस्ताव म्हणून युनिव्हिजियम वाईट नव्हता. उलट, शहाणा होता. स्टोरारोने पुढचे आपले चित्रपट त्याच चौकटीत केले. कार्लोस साउराचा 'टँगो' (१९९८) बघा, किंवा वुडी ॲलनबरोबरचा, आयुष्यात पहिल्यांदा डिजिटल कॅमेऱ्यावर केलेला 'कॅफे सोसायटी' (२०१६). दोनास एक आहेत, रचलेलेच तसे आहेत, सुंदर आहेत. कोणाची काही तक्रार नाही.

तक्रार मागे वळून केलेल्या गोष्टीची आहे.

१९९९ साली 'अपोकॅलिप्स नाऊ'ची डीव्हीडी निघाली ती दोनास एक. २००१ च्या 'रिडक्स' आवृत्तीची डीव्हीडीही तशीच. २००८ साली 'क्रायटेरियन' या, जुन्या सिनेमांची अगदी देवपूजेसारखी काळजी घेणाऱ्या कंपनीने 'लास्ट एम्परर' काढला, तोही दोनास एक. सगळं स्टोरारोच्या सांगण्यावरून. दिग्दर्शकांनीही त्याला आडवं लावलं नाही. २.३५ चं दोन करायचं म्हणजे उंची तीच ठेवून रुंदीतलं सुमारे १५ टक्के कापायचं. तीन तासांच्या सिनेमातली पंधरा टक्के मिनिटं कोणी कापली असती तर मोर्चे निघाले असते. पंधरा टक्के जागा कापली तर "फरक कळतो का कुणाला?"

कळतो हो. राज्याभिषेकाच्या दिवशी तीन वर्षांचा पु यी पिवळ्या पडद्यामागे धावतो, पडदा वाऱ्यावर उचलला जातो आणि समोर निषिद्ध नगरीचं अफाट पटांगण, रांगाच रांगा, हजारो माणसं. त्या क्षणाचा सगळा अर्थ 'केवढं हे!' एवढाच आहे. ते पोर केवढं आणि ते पटांगण केवढं. तिथे कडेची माणसं म्हणजे फाजील माहिती नाही, तोच मजकूर आहे. किंवा 'अपोकॅलिप्स'ची सुरुवात : एका बाजूला विलर्डचा उलटा चेहरा, बाकी चौकटभर जळणारं जंगल आणि फिरणारा पंखा. चेहरा कडेला आहे म्हणूनच तो एकटा आहे. त्याला मध्याकडे ढकलला की तो एकटेपणा थोडा कमी होतो.

यावर मित्रांशी वाद घालून घालून मला ठरावीक उत्तरं पाठ झाली आहेत. एकेक घेतो.

पहिलं : "त्याने शूट करतानाच ७० मिलिमीटरचा विचार केला होता, आणि त्या प्रिंट कमी रुंद असतात." खरं आहे. 'अपोकॅलिप्स नाऊ' ऑगस्ट १९७९ मध्ये आधी मोजक्या शहरांत ७० मिलिमीटरवरच लागला, आणि त्या प्रिंटचं प्रमाण २.२० च्या आसपास. पण २.२० म्हणजे २.०० नव्हे. त्या हिशेबानेही नऊ टक्के गेलेच. शिवाय बहुतेक जगाने पाहिला तो ३५ मिलिमीटरचा, रुंद. ज्या प्रमाणात तो सिनेमा १९७९ साली कुणीच थिएटरमध्ये पाहिला नाही, ते प्रमाण १९९९ साली 'मूळ हेतू' कसं झालं?

दुसरं : "छोट्या टीव्हीवर पट्ट्यांमुळे चित्र बारकं व्हायचं. त्याने प्रेक्षकाचाच विचार केला." हिशेब करू. १०८० उभ्या पिक्सेलच्या टीव्हीवर २.३५ चं चित्र ८१७ पिक्सेल उंच दिसतं. दोनास एक केलं तर ९६०. म्हणजे १४३ पिक्सेल उंची कमावली आणि त्यासाठी दोन्ही कडा दिल्या. आणि टीव्ही मोठे होत जाणार हे भविष्य पाहण्यातच तर हा माणूस सगळ्यांच्या पुढे होता! टीव्हीची अडचण तात्पुरती होती. कापलेली डीव्हीडी वर्षानुवर्षं विकली गेली. माझ्यासारख्या हजारोंच्या डोक्यात तीच 'खरी' म्हणून बसली.

तिसरं, आणि सगळ्यात वजनदार : "अरे बाबा, त्याचंच काम आहे. चित्रकाराला स्वतःच्या चित्रात फेरफार करायचा हक्क नाही का? तू कोण?"

मी कोणीच नाही. पण नीट बघा. पहिली गोष्ट, ते एकट्या स्टोरारोचं काम नव्हतंच. ती चौकट सेट उभारणाऱ्याने भरली होती, कपडेपट करणाऱ्यांनी, कडेला उभ्या राहिलेल्या एक्स्ट्रा कलाकारांनी, आणि त्या रुंदीच्या लयीत कापणाऱ्या संकलकाने. सहलेखक म्हणून हक्क मागणाऱ्याने बाकीच्या सहलेखकांची एवढी तरी बूज राखावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅमेरामन जर लेखक असेल, तर त्याने लिहिलेलं लेखन म्हणजे ती चौकट. शब्दाला जे मोल तेच कडेला. १९७६-७७ साली पस्तीस-छत्तीस वर्षांच्या एका माणसाने ठरवलं की इथे कड असेल. १९९९ साली त्याच नावाच्या एकोणसाठ वर्षांच्या माणसाला एक सिद्धांत सुचला आणि त्या सिद्धांतात बसवायला त्याने तरुणपणीच्या लेखकाचं लेखन छाटलं. पॅन अँड स्कॅनवाला जे करायचा तेच, फक्त हात जास्त कुशल. 'माझी चौकट पवित्र आहे' हे आयुष्यभर जगाला ओरडून सांगणाऱ्यानेच दाखवून दिलं की योग्य माणसाने सांगितलं तर चौकट कापता येते. मग उद्या 'योग्य माणूस' कोण, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या एका जुन्या टीममध्ये एक सीनियर होता. अफाट हुशार. अर्धं प्रॉडक्ट त्याच्या डोक्यातून आलेलं. एके दिवशी त्याला वाटलं की तीन वर्षांपूर्वीचा आपला कोड आता आपल्याला शोभत नाही. त्याने रेपॉझिटरीचा इतिहासच बदलून फोर्स-पुश केला. सोमवारी सगळे बोंबलत होते, कारण क्लायंटकडे चालू असलेली रिलीज कुठल्या कोडमधून निघाली होती ते सांगता येईना. त्याचं उत्तर ठरलेलं : "माझाच कोड होता." अरे दादा, होता ना! रिलीज केलास त्या दिवशी तो आमचाही झाला. तुला सुधारणा करायची आहे, खुशाल कर. नवी आवृत्ती काढ, नवा टॅग लाव. जुन्याला हात लावू नकोस.

सिनेमाचंही एवढंच आहे. कपोला स्वतः 'अपोकॅलिप्स'शी अजून खेळतोय. १९७९ चा, २००१ चा 'रिडक्स', २०१९ चा 'फायनल कट'. तिन्हींना वेगळी नावं, तिन्ही शेजारी शेजारी. हवा तो बघा. याला माझा काडीचाही विरोध नाही. माझा विरोध नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याला आहे. जॉर्ज लुकासने १९९७ पासून 'स्टार वॉर्स'चं तेच केलं. गंमत म्हणजे जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग फासण्याविरुद्ध १९८८ साली अमेरिकन संसदेपुढे साक्ष द्यायला हाच लुकास गेला होता.

"आता काय त्याचं? ब्लू-रेवर पूर्ण रुंदी आली ना परत!" हो, 'अपोकॅलिप्स'ची २०१० मध्ये आली. म्हणूनच तर मला कळलं. पण तेव्हा निदान दोन चकत्या होत्या, दोन्ही माझ्या कपाटात आहेत, शेजारी ठेवून दाखवता येतात. आता सिनेमा माझ्या कपाटात नसतो. तो कुठल्यातरी सर्व्हरवर असतो आणि रात्रीतून बदलतो. २०१९ मध्ये 'द सिम्पसन्स'चे जुने भाग नव्या टीव्हीत बसवायला वरून-खालून कापून स्ट्रीमिंगवर आले. एका प्रसंगात तीन वेगवेगळ्या नावांची बिअर एकाच पाइपातून येते हा विनोद होता. पाइपच कापला गेला. २०२१ मध्ये 'साइनफेल्ड'चं तेच. रस्त्यातल्या खड्ड्यावरचा एक भाग आहे, त्यात खड्डाच चौकटीबाहेर. (पुणे महापालिकेला हे तंत्र अजून सुचलेलं नाही, हे नशीब.) आणि आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवटच एआय वापरून बदलला. मेलेला नायक जिवंत. दिग्दर्शक आनंद राय आणि धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क असलेल्या कंपनीचं उत्तर काय? हक्क आमचे आहेत.

"माझाच कोड होता."

स्टोरारोची आणि या लोकांची तुलना करणं त्याच्यावर अन्याय आहे, मला मान्य आहे. त्याने धंद्यासाठी केलं नाही, श्रद्धेने केलं. पण म्हणूनच ते जास्त घातक आहे. कंपनीने कापलं तर आपण सगळे मिळून शिव्या घालतो. ऋषितुल्य कलावंताने कापलं तर आपण मान डोलावतो आणि "त्यालाच जास्त कळतं" म्हणतो. 'पूर्ण झालेली कलाकृती बदलता येते' या वाक्याला सभ्य घरात प्रवेश मिळतो तो असा.

यात नियतीने केलेली थट्टाही सांगायला हवी. स्टोरारोचं भविष्य खरं ठरलं! 'हाऊस ऑफ कार्ड्स' (२०१३) दोनास एक. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) दोनास एक. थिएटरमध्येसुद्धा 'जुरासिक वर्ल्ड' (२०१५), 'ग्रीन बुक' (२०१८) दोनास एक. ज्या आकाराला १९९८ मध्ये लोक म्हाताऱ्याचं खूळ म्हणाले, त्यात आज निम्मं जग रात्री जेवताना मालिका बघतं. आणि त्यासाठी 'अपोकॅलिप्स'चा एक मिलिमीटरही कापायची गरज नव्हती. तो पुढे बघताना बरोबर होता, मागे बघताना चुकला. जुनं न कापताच नवं जिंकलं.

जानेवारी २०२१ मध्ये गोव्याच्या इफ्फीने स्टोरारोला जीवनगौरव दिला. करोनामुळे दोन महिने पुढे ढकललेला तो महोत्सव. बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. छायालेखकाला जीवनगौरव म्हणजे 'नेत्रसुखद'वाल्यांना चपराक. त्या रात्री मी 'लास्ट एम्परर' काढला. माझ्याकडे दोनास एकचीच प्रत आहे. पडदा उडाला, पटांगण आलं, आणि नेहमीसारखा काटा आला. पण या वेळी माझी नजर सारखी कडेला जात होती. तिथे अजून माणसं उभी आहेत, दिवसभर उन्हात, वाकून, आपण दिसणार या भरवशावर. त्यांना स्टोरारोनेच तिथे उभं केलं होतं.

असो. तुमच्याकडे जुन्या चकत्या असतील तर रद्दीत देऊ नका.